आण्णांनी भरलेली हवा

फलटणच्या घरी शेडमध्ये आण्णांची गाडी अजून उभी आहे. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत ट्रक चालवून घरी आलेले, आणि टायरच्या बाबतीत ब्रह्मदेवाचंही न ऐकणारे. सकाळी गाडी हलवण्याआधी हवा बघायचे. "टायर गार असतानाच बघायची. पळून आल्यावर हवा फुगती, खोटं बोलती," म्हणायचे. खाचेत काडेपेटीतली काडी उभी करून टायर किती झिजला ते जोखायचे. अजून माझ्या स्वप्नात येतात ते तसेच, धुक्यात चाकापाशी उकिडवे बसलेले. मी हाक मारते, ते मागे वळत नाहीत.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांचा जीव गेला, तेव्हा आई कपडे आणायला घरी आली होती.

त्यानंतर तिनं गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. "चाकांत ह्यांनी भरलेली हवा हाय," म्हणायची. दसऱ्याला चाकांना हळदकुंकू, आणि टायर काळेभोर दिसावेत म्हणून खोबरेल! आण्णा असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, तेलानं रबर खराब होतं म्हणून. पण चोळताना ती इतकी सुखात दिसायची, की माझ्यासारखी तोंडाळ बाईसुद्धा गप्प बसली.

यंदा तिच्या मनात आलं, औंधच्या डोंगरावरच्या यमाईला जायचं, आणि तेही याच गाडीतून. मी सांगलीहून आले आणि आधी चाकं बघितली. कडांना बारीक भेगा, उभं राहून राहून टायर खाली बसलेले.

"आई, ह्या टायरांवर मी तुला डोंगर चढवणार नाही. बदलायचेच."

"मग मला जायाचंच न्हाई!" म्हणत ती आत गेली. काय हट्टी बाई! पण मीही तिचीच लेक. शेडच्या दारात बसून राहिले. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि कुठं जायची घाईच नाही असं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं ती आली. तिनं चाकावर अंगठा दाबला. तो आत गेला.

"खिळा न्हाई, काय न्हाई. मग मऊ कशानं?"

"हवा आपोआप जाते गं. गाडी नुसती उभी असली तरी जाते, थोडी थोडी."

"आन् मला कळलं बी न्हाई." मग तिनं केसातला आकडा काढला. "कुठं दाबायचं, दाखव."

"अगं, गॅरेजवाला करेल की ते."

"नगं. न सांगता जाण्यापरीस माझ्या देखत जाऊ दे."

मी चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं. तिनं आकडा दाबला. फुस्स आवाज झाला, आणि तिनं त्या हवेपाशी गाल नेऊन डोळे मिटले. मला रडू आवरेना.

"जावा आता तुमी," ती हळूच म्हणाली.

चाक खाली बसलं. माझ्याकडे न बघता ती पुढच्या चाकाकडे सरकली. "ह्याचं बी टोपण काढ."