गिअरला अडकवलेली कडी

कामाला हात घालण्याआधी अक्का मनगटातली चांदीची दोन कडी काढायच्या आणि ट्रकच्या गिअरच्या दांड्याला अडकवायच्या. "सांभाळा हां भाऊ. काम झाल्यावर घेते." वायरिंग करताना हातात धातू नको, एवढं आपल्यालाही कळतं. पण पदराला बांधायची सोडून गिअरलाच का, हे मला फार उशिरा कळलं.

नांदेडच्या ट्रक अड्ड्यावर गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं पत्र्याच्या शेडमधलं दुकान होतं. मूळच्या देगलूरकडच्या. नवऱ्यामागे दुकान चालवताना पहिली दोन वर्षं लोक मजा बघायला यायचे, मग गाड्या घेऊन यायला लागले.

माझ्या बहिणीचं लग्न दुसऱ्या दिवशी इकडच्याच मुरुडला होतं. तिचा सगळा संसार, कपाट, पलंग, भांडी, माझ्या जुन्या ट्रकवर लादलेला, आणि नांदेडातच बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला. इंजिन चाललं असतं हो, पण अंधार पडल्यावर दिवे कुठून आणायचे? नवा अल्टरनेटर मिळाला तर त्याची तऱ्हाच निराळी. जुन्याचा करंट आवरणारा रेग्युलेटर बाहेरच्या डब्यात, नव्याचा पोटात. वायरी जुळेनात. अड्ड्यावरचे म्हणाले, सगळं वायरिंग बदला, दोन दिवस लागतील. मी गाडी अक्कांच्या दारात नेली.

तुम्ही कधी जुन्या ट्रकच्या वायरी पाहिल्यात? सगळ्यांचा रंग एकच, मळाचा. अक्का एकेक वायर चिमटीत धरून टोकापर्यंत जात होत्या. जुना डबा त्यांनी बाजूला काढला, जोड दिले आणि गाडी चालू केली. चार्जिंग शून्य!

"नवाच खराब निघाला," मी कपाळाला हात लावला.

"दम धरा. बंद करून नुसती चावी फिरवा. लाल दिवा लागतो का?"

"न्हाई."

"मग बरोबर हाय. आधी लागंल, तवाच जाईल."

डॅशबोर्डमधला चार्जिंगचा चिमुकला बल्ब उडाला होता. त्याच्यातून करंट गेल्याशिवाय नवा अल्टरनेटर जागाच होत नाही म्हणे. त्यांनी बल्ब बदलला. लाल लागला. इंजिन सुरू होताच लाल गेला, म्हणजे चार्जिंग सुरू, आणि भर उन्हात माझे हेडलाइट लखलखले. ट्रकच्या पाया पडावं की अक्कांच्या, कळेना.

त्या घाईत तसाच निघालो. लोहा गाव ओलांडल्यावर लक्षात आलं, कडी गिअरलाच किणकिणतायत! परत फिरायला वेळ नव्हता. मुरुड गाठलं तेव्हा अंधार पडला होता, पण दोन्ही दिवे ठणठणीत होते.

लग्न उरकून ओशाळल्या तोंडानं कडी द्यायला गेलो. अक्का हसल्या.

"इसरले न्हाई मी. उभी गाडी चालू झालेली बघितली. रस्त्यावर कुठं बघितली? पोचल्याबिगर काम झालं कसं म्हनू?"

मी कडी त्यांच्या हातात ठेवली. इतकी वर्षं गाडी चालवतोय, असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

परवा अड्ड्यावर गेलो तर दुकान बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, अक्का गेल्या, आठवडा झाला. शटरसमोर उदगीरकडचा एक ड्रायव्हर उभा होता. त्याच्या हातातल्या रुमालात ती दोन कडी होती.

"गाडी पोचली," तो मला म्हणाला, "एवढंच सांगायला आलतो."