म्यूट कसं करायचं

माझी आई कोपरला राहते. तिच्या विहारातल्या महिला मंडळाची बैठक हल्ली व्हिडिओ कॉलवर होते, आणि प्रत्येक वेळी आईच्या मिक्सरसकट होते. "आई, म्यूट कर गं," असं सांगून माझा घसा बसला. शेवटी मी फोनची स्क्रीन रेकॉर्ड करणारं एक फुकटचं ॲप घेतलं आणि इकडे वर्तकनगरला, स्वयंपाकघरात उभी राहूनच व्हिडिओ केला. "हे माइकचं चित्र. त्यावर बोट लावायचं. लाल रेघ आली की आवाज बंद."

आईला पाठवला. तिने तो न बघताच मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि थोड्या वेळाने फोन केला.

"अगं, यात तुझ्या सासूबाई बोलतायत!"

मी ऐकलं. लाल रेघ दाखवून झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचंच राहिलेलं. शेजारी मेथी निवडत बसलेल्या सासूबाई स्वच्छ आवाजात म्हणत होत्या, "तुझी आई एवढी मंडळाची अध्यक्ष, आणि एक बटण दाबता येत नाही?" त्यावर माझं खदखदून हसणं.

आई म्हणाली, "त्यांना फोन दे."

मी दिला.

"विहीणबाई, पुढचा व्हिडिओ तुम्हीच करा. आमच्या बायका वाट बघतायत."

सासूबाईंना फोन उचलण्यापलीकडे काही येत नव्हतं. तरी म्हणाल्या, "करते की! त्यात काय!"

मग रोज दुपारी माझ्याकडून शिकणं सुरू झालं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या.

"अहो, यात फक्त स्क्रीन दिसते."

"आवाजात येतं ते," त्या म्हणाल्या आणि सुरू झाल्या. "जय भीम. आधी चष्मा लावा. लावलात? थांबते मी." आणि खरंच थांबल्या. "आता लाल रेघ येईल. घाबरू नका, फोन बिघडलेला नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मंडळात व्हिडिओ इतका आवडला, की फर्माइशी येऊ लागल्या. आता आमच्याकडे दुपारी कुकर लावायची बंदी असते. सासूबाईंचं शूटिंग चालू असतं.

मध्यंतरी कोपरला गेलेले, तर मंडळाच्या बैठकीला आई झटक्यात कॉलवर आली, म्यूट झाली, कॅमेराही फिरवला. मी बघतच राहिले.

"मला केव्हाचं येतं," ती हळूच म्हणाली. "तुझ्या सासूबाईंना सांगू नकोस हं. परवाच कळवलंय, मला फोटो पाठवता येत नाहीत म्हणून. त्याचाही व्हिडिओ करतायत बिचाऱ्या."