नारीन बोलतेय, ओश आहे का?

बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, आमच्या विद्यापीठात कोट सांभाळायच्या. नारीन गावातल्या आमच्या इमारतीत शिरलं की डाव्या हाताला त्यांची खिडकी. तुम्ही कोट द्यायचा, त्या पत्र्याचा बिल्ला द्यायच्या आणि सोबत न मागता एखादं वाक्य. "गुंडी लोंबतेय, उद्या दोरा घेऊन ये." "हा कोट भावाचा ना रे? तो बसला का शेवटी परीक्षेला?" वय बासष्ट, उंची बेताची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि आवाज असा खणखणीत की तिसऱ्या मजल्यावरची पोरंसुद्धा सरळ चालायला लागत. पूर्वी एकोणीस वर्षं त्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुणी त्याचा कधी विचार केला नव्हता.

मी प्रवेश विभागात. मार्चमध्ये आम्ही इमारत सगळ्यांना खुली करतो. जवळपासचे पालक पोरांना घेऊन येतात. ज्यांच्या वाटेवरच्या खिंडी बर्फाने बंद, त्यांच्यासाठी तीच फेरी फोनवरून थेट दाखवतो. त्या वर्षी फेरीवर बोलणार होती तिसऱ्या वर्षातली मीरिम. सकाळी ती आली ती गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून. तोंड उघडलं तर नुसती हवा.

म्हणून फोनही माझ्या हातात आणि बोलणंही माझ्या गळ्यात. मी कागद काढला. "आपल्या संस्थेची स्थापना..." फोनवर साठ माणसं बघत होती. स्थापना संपेपर्यंत एकोणीस उरली. समोर उभे असलेले पालक छताकडे बघू लागले.

तेवढ्यात कोटांच्या खिडकीतून आवाज आला, "अरे एर्मेक, स्थापना काय सांगतोस बाळा! पोरांना थंडी कुठे वाजत नाही ते सांग आधी!"

फोनवर लगेच तीन जणांनी लिहिलं: कोण बोललं? त्यांनाच बोलू द्या.

मी फोन वळवला. एजेंनी रुमाल सारखा केला, खिडकीची फळी उचलली आणि बाहेर आल्या, त्या थेट पुढे चालायलाच लागल्या.

"या, माझ्या मागे या. हा जिना ओला असतो, कठड्याला धरा. ही अभ्यासिका. या कोपऱ्यात बसायचं, खाली गरम पाण्याचा नळ जातो, पण झोप येते हं! इथे आत भौतिकशास्त्र. काय करतात ते मला विचारू नका, पण पोरं आत जाताना रडतात आणि बाहेर येताना हसतात. आणि हे स्वयंपाकघर. बुधवारी कणकेचे बोरसोक तळतात. दोन घ्या, तिसरा खिशात टाका, कुणी काही म्हणत नाही."

"म्हणतो की!" आतून आचारी ओरडला.

पालक हसत सुटले. फोनवर दीडशे माणसं झाली होती. आणि अकतालाच्या कुणा म्हाताऱ्याने लिहिलं: हा आवाज मला माहीत आहे. हे नारीन एक्स्चेंज आहे!

मी ते मोठ्याने वाचलं. एजे थबकल्या. मग सवयीनेच बोलून गेल्या, "कोण बोलतंय? नंबर सांगा!"

त्यानंतर लोकांचं जे लिहिणं सुरू झालं ते आवरेचना. सैन्यात असताना मुलगा झाल्याची बातमी तुम्हीच दिली होती, नाव काय ठेवणार तेही विचारलं होतं. माझ्या लग्नाचा होकार तुमच्या तारेवरून आला. माझा नकार गेला, बरं झालं! मी वाचत होतो, एजे चष्मा शोधत होत्या, आणि पालकांतली एक आजी त्यांची बाही धरून म्हणत होती, "तू होय गं ती! 'थांबा, जोडते, रडू नका' म्हणायचीस ती!"

आठशे माणसं झाली. तेव्हा एक ओळ आली: नारीन, मी ओश. ऐकू येतंय का?

एजे तिथेच पायरीवर बसल्या. "हाफिझा," त्या म्हणाल्या. "ही माझी हाफिझा आहे."

ओशच्या एक्स्चेंजवर हाफिझा, नारीनच्या एक्स्चेंजवर ह्या. एकोणीस वर्षं, रोज. लोकांचे फोन जोडता जोडता एकमेकींची बाळंतपणं, सासवा, लोणची, सगळं बोलून झालेलं. भेट मात्र एकदाही नाही. मध्ये एवढे डोंगर. मग यंत्रं आली आणि एका शनिवारी दोघींची नोकरी गेली.

"मग घरी फोन का नाही केलात?" मी विचारलं.

"नंबरच नव्हता! अख्ख्या जिल्ह्याचे नंबर तोंडपाठ, आणि हिचा कधी घेतलाच नाही. कशाला घेईन? कान लावला की ही होतीच."

आमच्या संचालिका गुलबारा कडक बाई. त्यांनी ती फेरी दोनदा पाहिली आणि मला बोलावलं. "आपल्या ओश शहरातल्या आवाराची फेरी एप्रिलमध्ये आहे. तीही ह्याच करतील. तू बरोबर जा."

एजे म्हणाल्या, "मी ती इमारत पाहिलेली नाही."

"बघणाऱ्यांनीही नाही पाहिलेली."

बिश्केकपर्यंत गाडी, तिथून ओशला विमान. एजेंचं पहिलंच. हवाई सुंदरीने कोट ठेवायला मागितला, तर ह्यांनी दिला आणि हात पुढे करून उभ्या. "बिल्ला?" तिला काही कळेना. शेवटी तिने एक कागदी पेला दिला, तेव्हा एजे जागेवर बसल्या.

ओशला ऊन होतं, सगळ्यांनी कोट काढलेले. फाटकापाशी मी फोन चालू केला, बघणारे बाराशे. समोर फुलं घेऊन पाच-सहा बायका उभ्या. हाफिझाला तारीख कळवली होती, पण त्यांतली ती कोणती? एजेंनी एकेकीकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि म्हणाल्या, "नारीन बोलतेय. ओश आहे का?"

"ओश ऐकतेय. बोला, नारीन."

बोलली ती चांगली ताडमाड बाई. एजे तिच्या खांद्याला जेमतेम लागत होत्या. "अगं! आवाज एवढा बारीक, आणि तू केवढी!"

"आणि तुझ्या आवाजाला मी घाबरायचे! मला वाटायचं, पैलवान असशील!"

दोघी रडत होत्या की हसत होत्या, मला कॅमेऱ्यातून कळेना. एकमेकींचा हात धरून त्या आवारात घुसल्या. रस्ता दोघींनाही ठाऊक नाही. एक दार उघडलं तर गणिताचा तास. प्राध्यापक म्हणाले, "आलाच आहात तर बसा." बसल्या, आणि मागच्या बाकावर इतक्या कुजबुजल्या की दोघींना बाहेर काढलं. विद्यार्थी वाट दाखवायला मागे लागले, त्यांनाही ह्यांनी गप्पांत ओढलं. वाचनालय बाहेरूनच झालं, कारण कोपऱ्यावर तंदुरातून सारण भरलेले गरम समसे निघत होते आणि हाफिझा म्हणाली की पुस्तकं गार होत नाहीत. बघणारे अडीच हजार. फोनची बॅटरी संपली तेव्हा दोघी जर्दाळूच्या झाडाखाली, तोंडं तेलकट, वीस वर्षांच्या पोरींसारख्या खिदळत होत्या.

दहा मिनिटांत माझ्या दुसऱ्या फोनवर गुलबाराबाई. "प्रयोगशाळा राहिली! वसतिगृह राहिलं! एर्मेक, तू झोपला होतास का?"

मी चाचरत होतो. एजेंनी फोन काढून घेतला. "राहिलंच की, बाई. सगळं नीट दाखवायचं तर चार दिवस तरी लागतील."

"आठवडा सांग!" हाफिझा मागून ओरडली.

पलीकडे ती कडक बाई हसायला लागली आणि म्हणाली, "परतीचं तिकीट पुढचं काढते. पण मला सांगा, समसे कांद्याचे होते की भोपळ्याचे?"