लॉनला रफू

"आधी पाणी, मग बोला," काकू म्हणायच्या आणि समोरच्याचं वाक्य तसंच लटकत ठेवून तांब्या घेऊन लॉनकडे निघायच्या. ठमी, म्हणजे त्यांची म्हातारी कुत्री, जिथे शू करून उठली असेल तिथे तो अख्खा तांब्या रिकामा व्हायचा. लगेच पाणी पडलं की गवत जळत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

कोलशेतच्या आमच्या सोसायटीत ते कोणाला ठाऊक नव्हतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या नव्या सूनबाईंनी मला विचारलं, "हे कुठलं व्रत असतं हो?" मी ठमीचं नाव सांगितलं. त्यांना ती देवी वाटली असावी. दुसऱ्या दिवशी तिथे जास्वंदीचं फूल होतं. ठमीने ते खाल्लं.

कमिटीत बागेचं खातं माझ्याकडे आलं होतं, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो होतो. तुमच्याही सोसायटीत खातेवाटप असंच होत असेल. लॉनवर पिवळे डाग वाढले तेव्हा ठरलं, दिवाळीपर्यंत ते गेले नाहीत तर कुत्र्यांना बागबंदी. बाकीची कुत्री रस्त्यावर गेली असती. ठमीचे मागचे पाय मात्र फरशीवर घसरायचे, पेव्हर ब्लॉकवर ती उभीच राहायची नाही. चालायची ती फक्त गवतावर.

निरोप द्यायला अर्थातच मी गेलो. काकूंची हयात डोंबिवली लोकलच्या गर्दीत गेलेली, चिडणं त्यांना परवडत नसे.

"लॉन नीट झालं की झालं ना?"

"हो."

"मग खुरपं द्या."

जळलेलं गवत त्यांनी मुळासकट उपटलं, खालची माती पाण्याने धुतली, वर नवी माती घातली आणि तिच्यात मुळं फुटलेल्या गवताच्या काड्या खोचल्या. काड्या आणायच्या त्या जनरेटरच्या खोलीमागून. तिथे टक्कल पडेल, अशी मी हरकत घेतली.

"अहो, पँटला रफू करताना दोरा आतल्या दुमडीतूनच काढतात. दिसणाऱ्या भागातला कोण काढतं?"

मी कमिटीला 'काम प्रगतिपथावर' असं कळवलं. इतरांच्या कुत्र्यांचे डागही त्याच भरायच्या. म्हणायच्या, "डागावर नाव थोडंच असतं?" शेवटी लाजेखातर बाकीचे कुत्रेवालेही पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरू लागले.

दिवाळीत अध्यक्ष चपला काढून लॉनवर फिरले आणि "हरकत नाही" म्हणाले. ठमीला थंडीभर गवत मिळालं. थंडी संपता संपता ती गेली. मला कुत्र्यांचं तसं प्रेम नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काकू खाली यायच्या बंद झाल्या. आता त्या डोंबिवलीला बहिणीकडे असतात. जायच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या. मी कमिटीसारखंच बोललो, "काकू, लॉनवर एक डाग नाही आता. एकदा बघून तरी जा."

"तेच बघवत नाही हो," त्या म्हणाल्या.