खुर्च्या कोण फाडतं?

नागावच्या होमस्टेंसाठी गाद्या-उशांची कव्हरं शिवता शिवता मला आमच्या गावातल्या थिएटरचं काम मिळालं. जुनं, एकाच पडद्याचं थिएटर. मालक पनवेलला राहायचे, इथलं सगळं मॅनेजर बघायचा. आठवड्यातून दोनदा सकाळी, पहिल्या शोच्या आधी मी जायचे, उसवलेलं रेक्झिन शिवायचे, बसलेला फोम बदलायचे. त्या वेळी आत आणखी एकच माणूस असायचं, झाडलोट करणारी बाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, जिभेनं फटकळ. मी तिला मावशी म्हणायचे आणि तिच्या डब्यातली जवळ्याची चटणी न विचारता खायचे.

गणपती गेल्यावर एका सकाळी मधल्या रांगेत दोन खुर्च्या फाटलेल्या दिसल्या. उसवलेल्या नव्हेत, कापलेल्या. पाठीवर वरपासून खालपर्यंत सरळ चीर आणि आतला फोम बाहेर आलेला. मॅनेजर म्हणाला, "पोरं असतात हो ताई, टाका शिवून." पण कापलेलं रेक्झिन नुसतं शिवून टिकत नाही, अख्खी पाठ बदलावी लागते. मी बदलली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. नंतर एक आठवडा मी गेले नाही, तर त्यापुढच्या खेपेला एकदम चार.

चौथ्या खेपेला मॅनेजर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "ताई, रागावू नका, पण एक विचारतो. खुर्च्या फाटल्या की फायदा कोणाचा होतो?"

मी हसले. काहीतरी बोलून गेले. त्याला काय म्हणायचं होतं ते घरी मासे साफ करताना डोक्यात शिरलं.

पुढच्या वेळी त्यानं कात्री आणि ब्लेड ऑफिसात ठेवायला सांगितलं. लागेल तेव्हा मागायचं, झालं की परत द्यायचं. बाहेर पडताना डोअरकीपरनं माझी पिशवी उघडून बघितली. बिचारा दुसरीकडे तोंड करून बघत होता. "वरून सांगितलंय," एवढंच म्हणाला.

माझ्यावर संशय घेतला याचा राग होताच. पण त्या रागातून मी दुसऱ्यांकडे कधी बघायला लागले ते कळलं नाही. मी नाही, तर मग कोण? कॅमेरा होता तो बाहेरच्या पॅसेजमध्ये, आत नव्हता. डोअरकीपर मॅनेजरवर धुमसत असायचा. बुकिंगच्या खिडकीवरची मुलगी नोकरी सोडायच्या बेतात होती. आणि मावशी? मी यायच्या आधी तासभर ती आत एकटीच असायची. भिंतीवर पानाची पिचकारी राहिली म्हणून मॅनेजर तिला चार लोकांसमोर वाटेल ते बोलला होता. ती गप्प राहिली होती. फटकळ बाई त्या दिवशी गप्प का राहिली, असं मला आता वाटायला लागलं. ती रांगांमधून झाडू मारत पुढे गेली की मी मान वर करून तिचे हात बघायचे.

एकदा ती बादली भरायला गेली. दाराशी खिळ्याला तिची कापडी पिशवी लटकलेली होती. मी गेले आणि गाठ सोडली. आत डबा, कंगवा, प्रेशरच्या गोळ्या. तळाला घडी घातलेलं एक पोलकं, बाहीला उसवलेलं, आणि त्याच रंगाच्या दोऱ्याचं रीळ. माझ्याकडूनच शिवून घ्यायला आणलं असणार. मी घाईनं सगळं परत कोंबलं आणि गाठ मारली.

ती आली, पिशवी काढली आणि गाठीकडे बघत राहिली. "ही गाठ माझी न्हाय," म्हणाली.

मी सुईत दोरा ओवत होते. मान वर केली नाही. त्या दिवसापासून मावशीनं माझ्यासमोर डबा उघडला नाही. पोलक्याचंही कधी बोलली नाही.

मग एका शुक्रवारी, नवा सिनेमा लागायचा त्याच सकाळी, पडदाच फाडलेला दिसला. आदल्या दिवशी जुन्या सिनेमाला माणसं नाहीत म्हणून दुपारनंतरचे शो झालेच नव्हते. डावीकडे खाली, हात पोचेल तिथं, दोन वीत लांब चीर. मॅनेजर घामाघूम झाला होता. "ताई, शिवता येईल का हो?" मागच्या स्पीकरचा आवाज यावा म्हणून पडद्याला बारीक भोकं असतात. त्यावर कितीही नाजूक टाका घातला तरी माणसांच्या तोंडावरून रेघ जाणारच. मी नाही म्हणाले. नवा पडदा मुंबईहून यायचा होता. चार दिवस सगळे शो बंद ठेवावे लागले आणि मालक स्वतः पनवेलहून आले.

त्या दिवशी तिकिटाचे पैसे परत घ्यायला काही लोक आले होते. त्यांत एक नेहमीचे गृहस्थ होते. निवृत्त, गावाबाहेर सुपारीची वाडी, पांढरा इस्त्रीचा शर्ट. आठवड्याला एकदा दुपारच्या शोला एकटेच यायचे. जो समोर येईल त्याला नमस्कार करायचे, डोअरकीपरलासुद्धा. त्यांनी मालकांचं सांत्वन केलं आणि जाता जाता म्हणाले, "बाहेरच्यांना कशाला धरता? रोज आत कोण असतं ते बघा."

मी तिथंच उभी होते. मला ते पटलं.

पडद्यासमोर झाडू घेऊन रोज एकच बाई जाते, असं मॅनेजरनं सांगितलं. मालकांनी मावशीला बोलावलं. ती म्हणाली, "मी कशाला फाडू? मलाच झाडाय लागतं ना ते." कोणी ऐकलं नाही. मग मॅनेजर माझ्याकडे वळला. "तुम्ही दोघीच असता सकाळी. तुम्हाला कधी काही दिसलं?"

तिच्या पिशवीत ब्लेड नाही, चाकू नाही, हे मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर मी बघितलं हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "मी माझ्या कामात असते." मावशीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि झाडू भिंतीला टेकवून निघून गेली.

नवा पडदा लागला. दोन आठवड्यांनी परत दोन खुर्च्या फाटल्या.

त्या खुर्च्यांपुढे मी बराच वेळ बसून राहिले. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. दोन फाटक्या खुर्च्यांच्या मधली खुर्ची शाबूत होती. आधीच्याही मीच बदलल्या होत्या, नव्या रेक्झिनचा रंग वेगळा दिसायचा. रांगेरांगेतून फिरले. सगळीकडे तसंच. एक नवी, मधली जुनी, परत एक नवी. जो फाडत होता तो मधे बसून डावीकडे-उजवीकडे हात चालवत होता. झाडणाऱ्या बाईला मधे बसायचं काय कारण?

मी धावत खिडकीवरच्या मुलीकडे गेले. तिनं त्या मधल्या खुर्च्यांचे नंबर कॉम्प्युटरवर शोधले. सगळे दुपारचे शो, हॉल जवळजवळ रिकामा. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अगं, हे तर काका, ते सुपारीच्या वाडीवाले. दर वेळी सांगतात, आजूबाजूला कोणाला देऊ नकोस, मला पाय पसरायला लागतात."

पुढच्या खेपेला डोअरकीपर मागच्या रांगेत अंधारात जाऊन बसला. मध्यंतरानंतर त्यानं टॉर्च मारला तेव्हा काकांच्या हातात छोटा कटर होता आणि डावीकडची खुर्ची अर्धी कापलेली होती.

ऑफिसात ते शांतपणे चष्मा पुसत बसले. मॅनेजरनं विचारलं, "पडदापण तुम्हीच?" त्यांनी हो म्हणून मान हलवली. "पण का काका? आम्ही काय वाकडं केलं तुमचं?"

"काही नाही हो," ते म्हणाले. "बसलं की हात जातो."

मग चष्मा घातला आणि घरचा नंबर दिला. त्यांचा मुलगा आला, त्यानं सगळी भरपाई दिली, पोलिसांत कोणी गेलं नाही. मावशीला परत बोलवा, असं मी मॅनेजरला म्हणाले. "आता नवी बाई लागलीय ना," तो म्हणाला.

मावशी दिवेआगरला बहिणीकडे गेली होती, तिथल्याच एका होमस्टेमध्ये कामाला लागली होती. मी आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरले, तिथून रिक्षानं गेले. ती अंगणात चादरी वाळत घालत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. पिशवीचंही सांगितलं.

"पिशवीचं मला ठाव हाय," ती म्हणाली. "आणि मी न्हाय फाडलं, तेही मला ठाव होतं. तू नवीन काय सांगितलंस?"

तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दोघींनी मिळून पिळली. मग तिनं विचारलं, "कोण होता तो?" मी सांगितलं. ती हसली नाही की चिडली नाही. "तो? दुपारी पॅसेज झाडत असले तरी वाकून नमस्कार करायचा मला," म्हणाली.

तेवढ्यात पुण्याच्या पाहुण्यांची गाडी आली आणि ती चाव्या घेऊन आत गेली. मी थोडा वेळ वाट बघितली. ती बाहेर आली नाही. परतीची बोट चुकू नये म्हणून मी निघाले.

थिएटरचं काम मी सोडलं, असं सांगायला बरं वाटलं असतं. मी ते सोडलं नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी जाऊन अर्ध्या कापलेल्या त्या शेवटच्या खुर्चीची पाठ बदलली.