दाजींचा फुटपाथ

आमच्या दाजींइतका निवडणूक हरण्यासाठीच जन्माला आलेला माणूस कल्याणच्या खाडीपासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत शोधून सापडणार नाही. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आंबिवलीत आम्ही एकाच गल्लीत राहतो, त्यामुळे त्यांच्यावर चिडायला मला लांब जावं लागत नाही. सकाळी दूध आणायला निघालो की सुरुवात होते.

दाजींची सारी नोकरी ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. गाडी लेट असली की बाकीचे नियंत्रक "येतेय, येतेय, नाक्यावर आहे" असं सांगून प्रवाशांना शांत ठेवत. दाजी माइकवरून सांगायचे, "गाडी कुठे आहे मला माहीत नाही. येईलच असंही नाही. घाई असेल त्यांनी दुसरी सोय बघावी." लोक खिडकीवर धावून जात आणि दाजी आत ताठ बसून राहत. खोटं बोलून माणसाला ताटकळत ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्यांचं ठाम मत. ते मत त्यांनी निवृत्त होताना डेपोतच ठेवून यायला हवं होतं. ते सोबत घेऊन दाजी महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले.

प्रचारात मी मागे असायचो, कारण लोकांची माफी मागायला कोणीतरी लागायचं. एका घरात बाईंनी विचारलं, "निवडून आलात तर पाणी दोन्ही वेळ येईल ना हो?" दाजी म्हणाले, "भांडेन मी. पण येईलच असं नाही." शिवाय जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या रॅकवरून त्या बाईंना झापलंसुद्धा. आमच्याकडे इलेक्शन आलं की सोसायट्या उमेदवारांकडून काहीतरी वसूल करून घेतात, कोणी बिल्डिंगला रंग, कोणी गच्चीवर पत्रे. आमच्या सेक्रेटरींनी खुर्ची देऊन गोडीत विचारलं, "दाजी, समोरची पार्टी पेव्हर ब्लॉक टाकून देतेय. तुमच्याकडून काय?"

"टॅक्स तुम्ही भरलाय. त्यातून काम झालं तर ते तुमचंच. त्याला देणं म्हणत नाहीत," असं म्हणून दाजी उठले. मला सेक्रेटरीचा संताप आला, पण दाजींचा त्याहून जास्त, कारण तेवढ्यात चहा आला होता.

इथवर मी सहन केलं. पुढचं मात्र आजही आठवलं की डोकं फिरतं. दाजींचा मुख्य मुद्दा फुटपाथचा. आंबिवलीत फुटपाथवर माणूस सोडून सगळं असतं, तो चालणाऱ्यांना मिळाला पाहिजे, असं ते चौकाचौकात ओरडून सांगत. एका सभेत मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण मागून बोलला, "अहो दाजी, आधी ताईंचा पत्रा बघा की!" चौक हसला. बोलणं खोटं नव्हतं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, बारा महिने पोळी-भाजीचा गाळा चालवते. गाळा एवढासा, म्हणून पुढे फुटपाथवर पत्र्याची शेड काढून तिथे दोन मोठे तवे मांडलेले. त्या तव्यांवर त्यांच्या दोन्ही मुली शिकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी स्वतः शेड उतरवली. मी धावत गेलो. "दाजी, तुम्हाला निवडून यायचंय की घर बुडवायचंय?"

"अरे, मग मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याला हटवायला सांगू?"

ताई दारात उभी होती. आत एकच शेगडी मावत होती, निम्म्या डब्यांना त्याच दिवशी नाही म्हणावं लागलं. ती नवऱ्याशी बोलायचीच बंद झाली. आणि लोकांनी काय करावं? कौतुक? छे! "जो बायकोचं ठेवत नाही, तो आपलं काय ठेवणार?" म्हणत एकूण एक टपरीवाला दाजींच्या विरोधात गेला. अशा लोकांचा मला इतका राग येतो की बोलायची सोय नाही. दाजी सपाटून आपटले.

पण खरा कहर नंतर झाला. निवडून आलेल्या साहेबांना जनसंपर्क कार्यालयासाठी जागा हवी होती. ताईची शेड होती बरोबर त्याच मोकळ्या फुटपाथवर त्यांचा लोखंडी कंटेनर येऊन बसला. नारळ फुटला, पेढे वाटले. सेक्रेटरी टाळ्या वाजवायला सगळ्यांत पुढे! मी दात-ओठ खात उभा होतो. तेवढ्यात पिठाच्या हातांनी ताई गाळ्यातून बाहेर आली आणि थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, ही जागा माझ्या नवऱ्याने माझ्या पोटावर पाय देऊन मोकळी केलीय. लोकांना चालायला. तुम्हाला बसायला नाही."

साहेबांनी हसून हात जोडले आणि पेढ्याचा बॉक्स पुढे केला. ताईने तो घेतला नाही. कंटेनरही हलला नाही.

त्या दिवसापासून ताई दाजींशी बोलू लागली. कंटेनरविरुद्धच्या तक्रारींवर आता दोघांच्या सह्या असतात. प्रभाग कार्यालयातला माणूस अर्ज घेतो, शिक्का मारतो, आणि पुढे काही होत नाही.

संध्याकाळी गाळा बंद करून दोघं चालायला निघतात. कंटेनरपाशी फुटपाथ संपतो, रिक्षांच्या मधून रस्त्यावर उतरावं लागतं. ताईचे गुडघे दुखतात. सबंध आयुष्यात चारचौघांत बायकोचा हात न धरलेले दाजी तिथे तिचा हात धरतात. परवा मी मागेच होतो. उतरता उतरता ताईने विचारलं, "हटेल का हो हे कधी?"

दाजी थांबले. मला वाटलं, आता ठरलेलं उत्तर येणार.

"हटेल गं," ते म्हणाले. "हटतोय. होतच आलंय."

असं एखादं गोड खोटं त्यांनी बोलावं म्हणून मी इतकी वर्षं त्यांच्यावर चिडत आलो. ते ऐकून मला अजिबात बरं वाटलं नाही.