नाकावर टिच्चून जपलेलं इंजिन

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेने त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचे भासरे माझ्याशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत, नवरा नसला तर भिंतीकडे. 'चहा ठेव म्हना' असं त्यांनी भिंतीला सांगितलेलं मी पुष्कळदा ऐकलं आहे, आणि चहाही ठेवला आहे. रीत म्हणून चालवून घेतलं. हिस्सेवाटणीच्या दिवशी कळलं, की ही नुसती रीत नव्हे, मोठी सोय आहे. ज्या माणसाशी बोलायचंच नाही, त्याला विचारायचीही गरज पडत नाही.

दोघा भावांची मिळून एक जीप होती. राळेगाव ते यवतमाळ सवारी मारायची. त्याच मॉडेलची एक अपघातात चेमटलेली गाडी त्यांनी सुट्या भागांसाठी घेऊन ठेवली होती. तिचं बाकी सगळं वापरून संपलं, इंजिन तेवढं उरलं. चांगलं, चालू इंजिन. वाटणीत जीप भासऱ्यांकडे गेली, टिनाचं शेडही त्यांच्याकडे गेलं. आमच्याकडे दोन खोल्या, माझी पिठाची चक्की आणि हे इंजिन.

"इंजिन शेडातच राहू द्या ना, दादा," नवरा म्हणाला. "पावसात कुठी ठेवू?"

"शेडात जागा नाई. तिले सांग, आंगनात ठेव म्हना. दोन पावसाळ्यात माती होते त्याची. मंग भंगारवाल्याले देजा."

मी तिथेच उभी होते. पंच म्हणून बसलेली माणसं हसली. मी त्याच वेळी मनात ठरवलं, की या इंजिनाची माती होऊ द्यायची नाही. आम्हाला त्याचा उपयोग काय, हा विचारही केला नाही. त्यांची जीप जुनी होती. आज ना उद्या तिचं इंजिन बसणार होतं, आणि ते मॉडेल निघायचं कधीच बंद झालं होतं. त्या दिवशी माझ्या अंगणात चालू इंजिन असलं पाहिजे आणि ते त्यांना मिळता कामा नये. एवढंच मला हवं होतं.

पहिल्या पावसाळ्यात मी ते जवळजवळ घालवलं. आमच्या भागात भोक दिसलं, की माणूस त्यात कापूस कोंबतो. कान दुखला, कापूस. अत्तर लावलं, कापूस. माणूस गेला, नाकात कापूस. घरात कापूस पडलेलाच असतो. मीही हवा आत जायचं तोंड, धूर बाहेर पडायचं तोंड, पाण्याच्या नळ्या, सगळं कापसाने गच्च बुजवलं. वर प्लास्टिकची ताडपत्री टाकून दोरीने आवळली आणि निर्धास्त झाले.

पोळ्यानंतर सोडून पाहिलं, तर ताडपत्रीला आतून घाम फुटलेला. कापसाचा ओला लगदा झालेला, आणि लगदा जिथे टेकला होता तिथे लोखंड तांबडं. एका नळीत उंदरांनी घर केलं होतं. कापूस त्यांनाही आयताच मिळाला. इंजिन फिरतं का बघायला पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला. नट हलेना. नवऱ्याने जोर लावला, तरी नाही.

इंजिन जाम झालं होतं. भासऱ्यांनी दोन पावसाळे म्हटले होते. मला एकच पुरला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चक्की चालवत असल्यामुळे मला पान्याची भीती नव्हती. आत डिझेल फवारणारे चारही नोझल काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि मुरू दिलं. रोज सकाळी चक्की सुरू करायच्या आधी पाना लावायचा, थोडं पुढे, थोडं मागे. नुसता जोर केला तर आत काहीतरी तुटतं. दोन अंगणांमधली भिंत छातीएवढीच आहे. भासरे तिकडून दात घासत बघायचे.

"काय बे लहान्या," ते भावाला म्हणायचे, "तुह्या बायकोनं दवाखाना काढला काय? सलाईन लावून राह्यली ते लोखंडाले!"

"सोय होते ना दादा, बिमार पडलं कोनी त," नवरा म्हणायचा. त्याला बिचाऱ्याला दोन्हीकडून हसावं लागायचं.

मी पाना पुढे-मागे करत राहायची. बोलायचंच नव्हतं. एका सकाळी पाना अंगठाभर सरकला. आणखी काही दिवसांनी पुली पूर्ण फिरली.

पुढच्या पावसाळ्यापासून कापूस बंद. सगळी तोंडं ट्यूबच्या रबराचे तुकडे कापून, वर लाकडी पट्टी ठेवून बोल्टने कसली. आतलं पाणी पूर्ण काढलं, जुनं काळं ऑइल काढून नवं भरलं, उघड्या लोखंडावर ग्रीस फासलं. इंजिन जमिनीवर न ठेवता लोखंडी घोड्यावर चढवलं. वर टिनाचा पत्रा, बाजूंनी ताडपत्री सैल सोडलेली, खालून हवा खेळती. वरून पडलेलं पाणी वाहून तरी जातं, कोंडलेला घाम बसून खातो. महिन्यातून एकदा पुली फिरवायची. आणि झडीचे दिवस आले, की नोझल काढून आतल्या चारही खान्यांत, म्हणजे सिलिंडरांत, चांगलं भरपूर ऑइल ओतायचं आणि नोझल परत बसवायचे. तेलात बुडालेल्या लोखंडाला गंज चढत नाही. असं असताना फिरवायचं असेल, तर आधी नोझल काढून तेल बाहेर पडू द्यावं लागतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

असे चार-पाच पावसाळे गेले. मग एका उन्हाळ्यात भासऱ्यांच्या जीपचं पाणी वाटेत संपलं, ते तशीच दामटत राहिले आणि इंजिन बसलं. मिस्त्री म्हणाला, फुटलं, कामाचं राहिलं नाही. भासरे नागपूरपर्यंत फिरून आले. रिकामेच.

मला झालेला आनंद मी लपवला नाही. त्या दिवशी पुरण घातलं.

संध्याकाळी नवरा पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, "दादा इंजिन मांगून राह्यले."

"कोनाले?"

"मले. आनखी कोनाले मांगतीन?"

"मंग तुमच्यापाशी असन त देऊन टाका. माह्यापाशी हाय ते भंगार हाय."

"असं काहून करतं तू? गाडी उभी हाय त्याईची."

"उभी राहू द्या. बसली त नाई ना!"

तो हसला नाही. मीही विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

पावसाची झड लागली. मी दरवर्षीसारखं तेल भरलं. लगेच चक्कीची मोटर जळाली, ती वाइंडिंगला घेऊन मला यवतमाळला जावं लागलं. बहिणीकडे मुक्काम पडला. परत आले तर घोडा रिकामा. ताडपत्री नीट घडी करून ठेवलेली होती, हे विशेष.

"दादा म्हने, घरातलीच वस्तू हाय," नवरा खाली बघत म्हणाला. "मिस्त्री घेऊन आले, चेनपुलीनं उचललं. मी काय करू?"

"बसवलं?"

"बसवलं. पन सुरू नाई होऊन राह्यलं. आता ट्रॅक्टरनं ओढतात म्हने."

मी मोटर ऑटोतच सोडली आणि पळत शेजारी गेले.

जीप रस्त्यावर काढलेली होती. पुढे ट्रॅक्टर, मधे साखळी. भासरे पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसलेले, बोनेटवर नारळ फोडून झालेला. मिस्त्री सांगत होता, "हातानं फिरत नाई भाऊ. थोडं फिरते, अन् अडते. जाम दिसते."

"गिअरमधी टाकून ओढलं का सुटते," भासरे म्हणाले.

सुटलं नसतं. खान्यात कोंडलेलं तेल दबत नाही. ट्रॅक्टरने ओढलं असतं, तर आतले दांडे वाकून इंजिन तिथेच संपलं असतं. मला ते क्षणभर चालणार होतं. सगळ्या गावासमोर, नारळ फोडल्या जागी. पण ते माझं इंजिन होतं. त्यांची फजिती व्हावी म्हणून मी माझं इंजिन का मोडू? मी साखळीवर पाय ठेवून उभी राहिले.

ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर बंद केला. भासरे नवऱ्यावर ओरडले, "लहान्या, तिले बाजूले कर!"

मी मिस्त्रीला म्हटलं, "जाम नाई ते. पन ओढलं त तुटते. काहून तुटते, ते मले माहीत हाय."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "मंग मी हात लावत नाई. विचारा भाऊ, बाईले."

"लहान्या, विचार तिले, काय करून ठेवलं म्हना."

माणसं जमली होती. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर भावाचे निरोप मला आणून दिले. त्या दिवशी तो म्हणाला, "तुमीच विचारा, दादा. समोर त उभी हाय."

भासऱ्यांनी आधी काचेला विचारलं. मी साखळीवरचा पाय काढला नाही. मग ते गाडीतून उतरले, घसा साफ केला आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "लहानी, काय केलं तू त्या इंजिनाले?"

मी पदर नीट केला आणि नवऱ्याकडे वळले. "त्याईले सांगा, इंजिन आमचं हाय. जसं नेलं तसं आनून घोड्यावर ठेवा म्हना. मंग सांगते."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. "काढून दे बे ते," एवढं मिस्त्रीला सांगून भासरे घरात निघून गेले. मिस्त्रीने इंजिन काढायला दुसरा दिवस घेतला, त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं. मी त्याच्यासमोर नोझल काढले आणि पुली फिरवली. तेलाची चिळकांडी उडाली.

"बापा!" तो म्हणाला. "तेल भरलं हाय? मले सांगाचं नाई काय कोनी?"

"तुम्हाले कोनी सांगन? ज्यानं बोलावलं त्यालेच माहीत नाई."

दिवाळीच्या आधी राजूरचा एक माणूस आला. त्याची जीप त्याच मॉडेलची, खाणीवरचे मजूर नेतो, इंजिन धूर ओकत होतं. मी त्याला इंजिन विकलं. कशात काय भरलं आहे, काय झाकलं आहे, सगळं सांगितलं. अट एकच घातली, की ते बसवायचं माझ्या अंगणात.

"दादाले एकदा विचारू काय?" नवरा म्हणाला.

"कायले?"

दोन दिवस अंगणात काम चाललं. तिसऱ्या दिवशी त्याने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकललं, निळा धूर सोडला आणि लागलं. स्वच्छ, एकसारखा आवाज. राजूरवाला खुशीत बंद करायला निघाला. भिंतीपलीकडे भासरे घरात होते, त्यांच्या चपला दारात दिसत होत्या.

"एवढ्यात बंद नका करू," मी म्हटलं. "जरा रेस करा."